थांबा म्हटल्यावर

एरवी मी मोजणी खात्यात. फीत, नकाशा, बांधावरची भांडणं.
रविवारी लळिंगच्या अलीकडे, बंद पडलेल्या खदानीत
लाल टोपी घालून नेमबाजाच्या उजव्या हाताशी उभा असतो,
अर्धं पाऊल मागे,
टायमर त्याच्या कानाजवळ धरून.

त्या दिवशी सकाळपासून काही धड नव्हतं.
सुपडू मिस्तरीनं पहाटे ठोकलेली लाकडी खिडकी
वाऱ्यानं कलली, तिला दगडांचा टेकू.
कागदी निशाण्यांवर ठिगळं बसेनात,
आधी धूळ चिकटायची, मग डिंक.
नऊच्या सुमारास टायमर मुका झाला.
कुणाच्या तरी पोराच्या खेळण्यातला सेल काढून घातला,
तेव्हा तो किंचाळला, आणि ते पोरही.

पाचवी जायदा तडवी. मूळ यावलची,
आता जळगावात वाहतूक शाखेला. पिस्तूल क्लबचं.
"तयार?"
मान हलली.
पहिल्या कागदावर दोन, दुसऱ्यावर दोन,
पायाखाली खडी करकरली, खिडकीतून दोन,
पोलादी बाहुला, टण्, आडवा.
दुसरा. टण्.

उभाच.

मी ऐकलं, तिनं ऐकलं,
पत्र्याच्या सावलीत चहा पिणाऱ्यांनीही ऐकलं.
पांढऱ्या रंगावर करडा ठिपका स्वच्छ दिसत होता.
नियम सोपा आहे, फक्त त्याला वेळ नसतो:
पुन्हा मार, नाहीतर उभा सोड आणि मागून भांड.
भांडलीस तर तुझ्याच जागेवरून आम्ही एक गोळी झाडू,
पडला तर चूक तुझी, नाही पडला तर आमची.
हे अर्ध्या श्वासात ठरवायचं,
आणि उरलेल्या अर्ध्यात नेम.

तिनं नळी परत त्याच्यावर आणली
आणि मागच्या मातीच्या बांधावर
एक काळं तोंड उगवलं.
मग सात-आठ. मग नुसती लोकर,
लोकरीमागे काठी.

"थांबा!"

तिचं बोट कमानीबाहेर आलं होतं, सरळ,
नकाशावर मी पट्टी ठेवतो तसं.
नळी खाली, समोरच्या मातीत.
मॅगझीन बाहेर. आतली गोळी खडीवर पडली,
तिनं झेलायचा प्रयत्न केला नाही.
रिकामं घर मला दाखवलं. पिस्तूल कमरेला.
मग तिचे गुडघे थरथरले.
मग. आधी नाही.

झेंडा होता हो, लाल,
वाऱ्यानं स्वतःच्याच काठीला गुंडाळून बसलेला.
सुपडू ओरडला, "ए भो, मेंढरं मांगे ले!"
ठेलाऱ्याचं पोर वरून म्हणालं,
"कोनं लगीन शे?"
सगळे हसले. जायदा नाही, मी नाही.

त्यानं मेंढरं दोनदा मोजली. एक कोकरू कमी.
ते निशाण्यांच्या पिंपाआड सावली धरून बसलं होतं.
तोवर सुपडूनं बाहुल्याची बिजागरी उघडली,
आत कापसाचा बोंडभर पुंजका,
कुठल्या तरी जिनिंगकडून उडत आलेला.
तो त्यानं खिशात घातला. का, कोण जाणे.

आधीची फेरी रद्द, सगळं पहिल्यापासून.
टायमरवरची वेळ पुसण्याआधी मी पाहिली.
चांगली होती. कुणाला सांगितलं नाही.
जायदानं एवढंच विचारलं, "पाणी पिऊ?"

दुसऱ्या खेपेस बाहुला पडला, मुकाट,
जणू मघाशी उभा राहिलेला तो नव्हेच.
पण खिडकीतल्या दोनांतली एक गोळी
कुठे गेली ते आम्हाला सापडलं नाही.
सहावी आली. कागदावर सही केली,
पेन परत दिलं, टोपण लावून.

सोमवारी आर्वीच्या शिवारात
दोन भाऊ एका वितीसाठी भिडले.
मी त्याच आवाजात म्हणालो, "थांबा!"
कुणी थांबलं नाही.
फीत गुंडाळत मी उगाच
त्यांच्या बोटांकडे बघत राहिलो.